श्वास मोजणारी आजी

(लोधिवली येथे झालेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



निमंत्रणपत्रिकेवर तुम्ही आजीच्या नावाआधी 'सेवामूर्ती' असं छापलंत. तुमचा हेतू चांगला आहे, तेव्हा माझी तक्रार नाही. आजीची मात्र असती. तिला कुणी 'देवमाणूस' म्हटलं की ती विचारायची, "देवमाणूस ते राहू दे. बीसीजी कुठल्या दंडाला देतात, सांग बघू." समोरचा गप्प. मग स्वतःच सांगायची, "डाव्या. आणि गाठ आली, पिकली, तर घाबरायचं नाही, त्यावर काही चोळायचं नाही. एवढं लक्षात ठेव, मूर्तीबिर्ती नको."

छापील व्याख्यानात तिचं नाव घालू नका, असं मीच संयोजकांना सांगितलं. एक तर ज्या वाड्यांवर तिने उमेदीची वर्षं घालवली, तिथे तिचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. आधी ती 'नर्सबाई' होती, केस पांढरे झाल्यावर 'नर्सआजी' झाली. दुसरं म्हणजे आज मी जे सांगणार आहे ते तिच्या एकटीचं नाही.

सांगायचं एवढंच आहे. आपण नर्सची माया लक्षात ठेवतो आणि तिची अक्कल विसरतो. डॉक्टर गेला की आपण म्हणतो, हुशार माणूस गेला. नर्स गेली की म्हणतो, प्रेमळ होती हो. माझी आजी फारशी प्रेमळ नव्हती. खाष्ट होती. पण तिला पुष्कळ काही येत होतं, आणि जे येत होतं ते तिने मिनिट मिनिट उभं राहून कमावलेलं होतं.

तिचं माहेर घाटावरचं. सातवी पास झाल्यावर नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स केला. सरकारी कागदात तिचं पद 'सहाय्यक परिचारिका प्रसाविका'. हा शब्द मी आजवर कुणाच्याही तोंडून ऐकलेला नाही, तो फक्त बदलीच्या आदेशात भेटतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोरघाट उतरून एसटीने ती खालापुरात आली. उपकेंद्र म्हणजे भाड्याची एक कौलारू खोली, एक लाकडी टेबल, स्टोव्ह, सुया उकळायचं पातेलं. आदिवासी भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र, असं पुढे प्रमाण ठरलं. ते कागदावर. तिच्या वाट्याला किती वाड्या होत्या ते तिने मोजून ठेवलं होतं, पण सांगताना ती आकडा न सांगता चपलांचे जोड सांगायची: पावसाळ्यात दोन, एरवी एक.

तुम्ही इथलेच आहात, त्यामुळे तुम्हाला हा मुलूख समजावून सांगायला नको. जुना मुंबई-पुणे रस्ता आपल्या दारावरून जातो. एका अंगाला रसायनी, पाताळगंगेचे कारखाने. दुसऱ्या अंगाला डोंगर, आणि त्याच्या पोटाशी ठाकरवाड्या, कातकरवाड्या. कारखान्याचा भोंगा वाड्यांपर्यंत ऐकू जायचा, घड्याळ मात्र तिथे एकाच्याही घरात नसायचं. आजीने त्यावर तोड काढली होती. "सकाळच्या भोंग्याला एक गोळी, रात्रीच्या भोंग्याला एक." कारखाना बंद असला की वाडीत निरोप जायचा, आज कोंबडं आरवल्यावर घ्या.

आता सटवीची गोष्ट.

मूल जन्मलं की पाचव्या-सहाव्या दिवशी आपल्याकडे पूजा असते. पाटा-वरवंटा मांडतात, नाळ कापलेलं हत्यार ठेवतात, कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. याच दिवसांच्या आसपास धडधाकट जन्मलेली बाळं एकाएकी दूध ओढायची थांबायची. जबडा मिटायचा, अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं, दोन दिवसांत खेळ संपायचा. लोक म्हणायचे, सटवीने नेलं. आजीच्या पुस्तकात त्याला नवजात बाळाचा धनुर्वात म्हणत. नाळ कापलेल्या विळ्यावरून, किंवा नाळेवर लावलेल्या मातीतून, शेणातून, राखेतून जंतू शिरतो आणि साधारण आठवडाभरात लक्षणं दिसू लागतात. सटवीचा आणि जंतूचा मुहूर्त जवळजवळ एकच.

इथे एखादी सुधारक बाई अंधश्रद्धेवर भाषण ठोकून मोकळी झाली असती. आजीने सुईणीला गाठलं. वाडीतली सुईण वयाने तिच्या आईएवढी, बाळंतपणं केलेली शेकडो. आजी तिला 'आई' म्हणायची आणि चहाला तिच्याच घरी बसायची. पाच स्वच्छता शिकवायच्या होत्या: हात, जागा, पातं, दोरा आणि नाळ. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, उकळलेला दोरा आणि नाळेवर काहीही लावायचं नाही. चार गोष्टी सुईणीने मानल्या. विळा सोडायला ती तयार होईना, कारण पूजेत तोच ठेवायचा असतो. आजी म्हणाली, "पूजेत विळाच ठेव, मी कुठे नाही म्हणते? कापायला फक्त हे पातं घे. सटवीला काय, पातंही लोखंडाचंच." नंतर लसीची कार्डं आली, तेव्हा तिने आणखी एक केलं. पूजेत कोरा कागद ठेवायचाच असतो, तर हे कार्ड ठेवा, म्हणाली. कोरंच आहे. सटवीने आधी लिहावं, मग मी लिहीन.

गरोदरपणी आईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं आणि नाळेला नवं पातं. बस्स, एवढंच. भारतात माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं. बातमी आतल्या पानावर, दोन परिच्छेद. आजीने ती कापून रजिस्टरात चिकटवली आणि तारीख घातली.

ही झाली तिची युक्ती. तिचं खरं कसब दुसऱ्या ठिकाणी होतं, आणि ते मी स्वतः पाहिलेलं आहे.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. सुट्टीत आजीकडे आले होते. एका झोपडीत चार महिन्यांचं बाळ आजारी होतं. पोट उडत होतं. घरातल्यांनी पोटाला डाग द्यायचं ठरवलं होतं, चुलीत सळई ठेवलेली होती. आजी आत गेली. मला वाटलं, आता ही ओरडणार. ती काहीच बोलली नाही. आईला म्हणाली, आधी पाज. बाळ पिऊन शांत झालं तेव्हा तिने त्याचं झबलं गळ्यापर्यंत वर केलं, घड्याळ पोटाजवळ धरलं आणि बघत बसली. पूर्ण एक मिनिट. झोपडीत सात-आठ माणसं होती, कुणी हललं नाही. सळई धुमसत होती. मिनिट संपल्यावर म्हणाली, "बासष्ट." मग सगळ्यांना म्हणाली, आता तुम्ही मोजा. बाळाच्या आज्याला मोजायला लावलं. त्याला वीसपुढे येत नव्हतं, म्हणून वीस झाले की एक खडा बाजूला. तीन खडे झाले आणि वर एक-दोन. आजी म्हणाली, "या वयाला अडीच खड्यांच्या आत पाहिजे. तीन झाले म्हणजे छातीत दुखणं आहे. पोटाला डाग देऊन छातीतलं कसं जाईल?"

हिशेब बरोबर आहे, नंतर मी पुस्तकात पाहिला. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त असेल, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50, एक ते पाच वर्षांपर्यंत 40, तर न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. मिनिट पूर्ण मोजायचं. अर्धं मोजून दुप्पट करायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मधेच अडतो आणि मग भरभर चालतो. रडताना नाही, पिताना नाही. हे सगळं समजायला यंत्र लागत नाही, सेकंदकाटा लागतो आणि एका मिनिटाचा धीर. त्या दिवशी आजीने गोळ्या दिल्या, संध्याकाळी पुन्हा चढून गेली, पुन्हा मोजलं. सळई चुलीतून कुणी काढली ते मला आठवत नाही.

याच कसबाचं मोठं रूप पुढे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांतल्या बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. वजन करणं, ऊब देणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू, दुसऱ्या गावांशी ताडून पाहता, 62 टक्क्यांनी उतरले. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि जगाला कळलं की खेड्यातली कमी शिकलेली बाई हे करू शकते. मी आजीला ही बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "करू शकते म्हणजे? नाहीतर एवढी वर्षं कोण करत होतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्यांनी लिहून ठेवलं, ते बरं केलं."

लिहून ठेवलं. हे ती उगाच म्हणाली नव्हती, त्याकडे मी येते. त्याआधी थोडं मागे जाऊ.

1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले यांचं त्या साथीतलं एक चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं: पाठीवर आजारी मूल घेतलेली बाई. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी असं उचलून आणलं. मूल वाचलं, सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. चित्र खरं आहे. पण पाठीवरचं मूल घेऊन त्या निघाल्या होत्या कुठे? दवाखान्यात. यशवंत, त्यांचा मुलगा, डॉक्टर होता. शहराबाहेर, वस्तीपासून दूर त्या दोघांनी दवाखाना उभा केला होता. रोगी वेगळा ठेवायचा, मोकळ्या हवेत ठेवायचा, हे त्यामागचं ज्ञान. आपण पाठ लक्षात ठेवली, दवाखाना विसरलो. मनाला चुटपुट लावणारी आणखी एक तारीख आहे. त्याच वर्षी 10 जानेवारीला, मुंबईत भायखळ्याला, वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची नवी लस स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. बरोबर दोन महिने आधी. लस मुंबईत जन्मलेली होती, पुण्यात पोचलेली नव्हती. आजीचं सगळं आयुष्य या दोन ठिकाणांमधल्या वाटेवर गेलं, असं मला कधीकधी वाटतं. बर्फाच्या पेटीत लस घालायची, ती दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे, आणि पेटी खांद्याला लावून चालायचं.

मग 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि तिथल्या बायकांना, त्यात विधवा पुष्कळ, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. आज हे वाक्य सहज वाचलं जातं. तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, दुसऱ्या जातीच्या माणसाचं मलमूत्र काढायचं, रात्रपाळी करायची, हे भल्या घरच्या लेकीसुनांचं काम नव्हे, असं सगळा समाज म्हणत होता. बाळंतिणीचं सोयर, विटाळ वेगळाच. रमाबाईंनी त्या कामाला 'सेवा' हे नाव दिलं म्हणून घरं थोडी मऊ झाली. त्या काळी ते डावपेच म्हणून योग्यच होतं. पण तोच शब्द पुढे नर्सच्या पगाराच्या आड येऊ लागला, असं आजीचं स्पष्ट मत होतं. "सेवा म्हटलं की पगार मागायची लाज वाटते," ती म्हणायची.

दर 12 मेला आपण ज्यांच्या नावाने परिचारिका दिन साजरा करतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचंही तसंच झालं. हातातला दिवा सगळ्यांना माहीत आहे. त्या आकडेशास्त्रात मुरलेल्या होत्या, लढाईपेक्षा घाणीने सैनिक जास्त मरतात हे त्यांनी आलेख काढून सिद्ध केलं, भारतात कधी पाऊलही न ठेवता इथल्या छावण्यांच्या, खेड्यांच्या पाण्याबद्दल आणि गटारांबद्दल वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या, हे किती जणांना माहीत असतं? दिवा सोपा आहे. फोटोत छान येतो.

आता रजिस्टर.

मूर्तीबिर्ती नको म्हणायची ना आजी, मग हेही सांगायला हवं. आणीबाणीच्या दिवसांत नर्सना 'केसेस'चं टार्गेट असायचं. केस म्हणजे नसबंदीची केस. महिन्याला इतक्या आणा. 1976 मध्ये तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या राज्यात विधिमंडळाने मंजूर केलं होतं; राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही. त्या काळात आजी वाडीच्या तोंडाशी दिसली की पुरुष रानात पळायचे. बायका मुलांना घेऊन आत. ज्या सुईणीला ती 'आई' म्हणायची तिनेही दार लावून घेतलं. आजीने केसेस आणल्या का? आणल्या. काही जणांना पटवून, काहींना पैशाचं सांगून. कुणाला फसवलं का, हे मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, "सगळं सांगितलं नाही. फसवणंच झालं ते." पुढची दोन वर्षं त्या वाडीवर तिच्या हातून कुणी पोराला लस टोचून घेतली नाही. दोन वर्षं ती नुसती जायची, बसायची, परत यायची. टार्गेट लावणाऱ्यांच्या हिशेबात ही दोन वर्षं कुठेच नसतात.

दुसरी गोष्ट त्याहून लहान आणि, तिच्या लेखी, त्याहून मोठी. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधले डोस चुकतात. एका वर्षी वरून फार दट्ट्या होता, तक्ता भरून द्यायचा होता. आजीने भट्टीवर गेलेल्या काही मुलांच्या नावापुढे त्रिगुणीच्या डोसाची खूण केली. आल्यावर देऊ, असं मनाशी म्हणून. त्यातलं एक कुटुंब मधेच चार दिवस परत आलं. आजी रजेवर होती. बदली आलेल्या नर्सने रजिस्टर उघडलं, खूण पाहिली आणि बाईला सांगितलं, याचा डोस झालाय, जा. मूल परत भट्टीवर गेलं आणि त्याला डांग्या खोकला झाला. महिना-दीड महिना खोकत होतं. जगलं, पण पावसात घरी आलं तेव्हा अंगावर कातडंच उरलं होतं.

हे तिने मला निवृत्तीनंतर सांगितलं. आवाज न चढवता, नेहमीसारखं, दळण निवडता निवडता. त्यानंतर तिच्या कुठल्याही रजिस्टरात खोटी खूण नाही. भट्टीवर गेलेल्यांसाठी तिने वेगळी वही केली: कोण, कुठल्या गावच्या भट्टीवर, मुकादम कोण, परत कधी. सरकारने न मागितलेली वही.

ही वही मला 2023 मध्ये आठवली. 19 जुलैची रात्र तुम्हाला सांगायला नको. चौकजवळ, इर्शाळगडाच्या कुशीत, इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नाही, पावसात चढणीची तासाभराहून जास्तीची वाट, यंत्रं वर जाईनात, माणसांनी हातांनी माती उपसली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत आणि 23 तारखेला शोध थांबवावा लागला. पहिल्या दिवशी सगळे एकच प्रश्न विचारत होते: वाडीत त्या रात्री माणसं होती किती? मुलं आश्रमशाळेत असतात, कुणी कामाला बाहेर, कुणी पाहुणा आलेला. यादीत नाव आहे म्हणजे माणूस घरात आहे असं नाही. आजी तोवर गेली होती. पण कुठल्याही घराच्या उंबऱ्यावर तिचे पहिले दोन प्रश्न हेच असायचे: घरात माणसं किती? आणि आज निजायला किती? लहानपणी मला हे चोंबडेपणाचं वाटायचं.

नर्स ज्या जागी उभी असते तिथून जे दिसतं ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही, याची दोन उदाहरणं देते आणि आवरतं घेते.

एक आपल्याच जिल्ह्यातलं. लाल विंचू चावून कोकणात माणसं मरायची, विशेषतः मुलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर महाडकडे सरकारी नोकरीत असताना अशा रोग्यांच्या खाटेशी रात्र रात्र बसले, नाडी, रक्तदाब, घाम, गार पडलेले हात टिपत राहिले, आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर चालतं हे त्यांनी जगाला दाखवून दिलं. ते डॉक्टर. पण ते जे करत होते त्याला आमच्या घरी नर्सिंगच म्हणत. आजी लावणीच्या दिवसांत विंचू चावलेल्या मुलाचे आधी हात चाचपायची. हात गरम आणि नुसतं दुखणं, तर थांब. हात गार आणि घाम, तर एक मिनिट थांबू नकोस, गाडी बघ.

दुसरं मुंबईतलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले तेव्हा अंजली कुलथे या नर्सच्या वॉर्डात 20 गरोदर बायका होत्या. त्यांनी दार बंद केलं, दिवे मालवले, सगळ्यांना एका लहान खोलीत नेलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिकक्षात पोचवलं. पुढे कोर्टात कसाबला ओळखायला त्या गेल्या आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही बोलल्या. धाडस तर आहेच. मला त्यात दिसतं ते हे की कुठल्या बाईचे दिवस भरलेत, कुणाचा रक्तदाब वाढलेला आहे, कुणाला जिना चढवता येणार नाही, हे अंधारात त्या बाईला पाठ असणार. ते पाठ नसतं तर नुसत्या धाडसाने काय झालं असतं?

2020 च्या मार्चमध्ये आपल्या लोधिवलीचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. इथे करोनाच्या रोग्यांसाठी विलगीकरणाची सोय उभारून ती जिल्हा प्रशासनाच्या ताब्यात दिली, अशी ती बातमी होती. आजीने चष्मा लावून ती दोनदा वाचली. घरात ऑक्सिजन मोजायचा चिमटा आला तेव्हा तिने तो बोटाला लावून पाहिला, खूश झाली. आणि लगेच म्हणाली, "हे आलं म्हणून श्वास मोजायचं सोडू नका."

शेवटच्या आजारपणात आम्ही तिला शहरातल्या एका रुग्णालयात ठेवलं होतं. खाटेच्या पायाशी तक्ता टांगलेला. ताप, नाडी, श्वास. श्वासाच्या रकान्यात प्रत्येक वेळी 18. सकाळी 18, दुपारी 18, रात्री 18. शेजारच्या खाटेला 18, पलीकडे 18. आजी पडल्या पडल्या स्वतःचा श्वास मोजत होती, तो 26 होता. रात्री एक नर्स आली, वय असेल बावीस-तेवीस. आजीने विचारलं, "पोरी, मोजलास का गं?" ती खाली बघायला लागली. मी तापले. तक्रार करते, म्हणून उठलेच होते. आजीने माझा हात धरला आणि तिला विचारलं, "किती खाटा आहेत तुझ्याकडे?"

"बावीस, आजी."

"जोडीला?"

"कुणी नाही."

आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग अठरा लिहू नकोस. ती जागा कोरी सोड. मोठ्या सिस्टर ओरडतील, ओरडू देत. कोरं दिसलं तर कधीतरी आणखी एक पोरगी देतील. अठरा दिसलं तर कशाला देतील?"

त्या मुलीने माझ्यासमोर पूर्ण एक मिनिट मोजलं. 28 लिहिलं आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

आभार मानायचं काम संयोजक करतील. मला फक्त एक निरोप द्यायचा आहे. आपल्या उपकेंद्राच्या नर्सबाई आज आल्या आहेत, मागे दाराशी उभ्या आहेत. त्यांनी मला सांगितलं की येत्या बुधवारी सकाळी दहा वाजता अंगणवाडीत लसीकरण आहे. भट्टीवरून कुणाचे पाहुणे आले असतील तर त्यांचीही पोरं आणा. कार्ड आणायला विसरू नका.